डाव्या हाताचा स्विंग

मुलगा मुनीब वारून वर्ष झालं, आणि त्याची गोल्फची पिशवी खांद्यावर टाकून बासष्ट वर्षांचे कमरोद्दीन छावणीजवळच्या मैदानावर येऊन उभे राहिले. पोरगा डावखुरा, म्हणून पिशवीतल्या सगळ्या स्टिकाही डाव्या हाताच्या.

कोच सत्यमनं समजावून पाहिलं. "चाचा, तुम्ही उजव्या हाताचे. मी उजवी स्टिक देतो, महिन्यात स्विंग बसेल. या वयात उलटं शिकणं लई जड जातं."

"जाऊ दे जड. ह्याच स्टिकांनी शिकवा."

दोन महिने चेंडू चार पावलांपुढं जाईना. कंबर धरली, तळहाताला फोड आले. बायको अनवरी घरी हळद लावायची. एका सकाळी मात्र खांदा आपसूक वळला आणि चेंडू पार कडुलिंबापलीकडं जाऊन पडला.

"शाब्बास, चाचा," सत्यम म्हणाला.

कमरोद्दीन तिथंच गवतात बसले. मुनीबनं जिंकलेला पहिला कप धावत घरी आणून डाव्या हातानं त्यांच्यापुढं धरला होता. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "उजव्या हातानं दे."