तीन इसा पाच

मासिकाचं नोंदपत्र तळहाताएवढं असतं. वर नाव, त्याखाली संपादक आणि गाव, मग पहिला अंक केव्हा निघाला ते, आणि उरलेल्या चार-पाच ओळींत टीप. पुस्तकाला टीप लागतेच असं नाही. पुस्तक एकदा छापलं की झालं. मासिक मात्र नाव बदलतं, गाव बदलतं, चार महिने गप्प बसतं आणि परत बोलायला लागतं. ते सगळं टिपेत लिहायचं, तेही स्वतःचं मत न घालता. ‘जुलै ते ऑक्टोबर अंक नाही, संपादक तुरुंगात.’ ‘अंक १२ वर चुकून १३ छापले आहे.’ ‘छापखान्यात पाणी शिरल्याने पुढील दोन अंक हस्तलिखित.’ एवढ्याशा ओळीत एखाद्याचं अख्खं वर्ष मावतं, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

इंदापूरच्या वाचनालयात असल्या टिपा मी तीसेक वर्षं लिहिल्या. चांगल्या लिहिल्या असं म्हणवत नाही. अक्षर बरं होतं, एवढंच. माणसांशी बोलणं मला कधी जमलं नाही. वर्गणीदार समोर आला की माझी नजर दौतीकडे जायची. निवृत्त झाल्यावरही सकाळचे दोन तास मी तिथं जाऊन बसत असे, कारण माझ्या जागेवर कोणाला नेमलंच नव्हतं आणि घरी बसून माझा कोणाला उपयोग नव्हता.

पंच्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये एक बाई आली. वय माझ्याएवढंच, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, पायात जाड वहाणा. त्या तिनं दाराबाहेर काढल्या आणि ‘वाघर’ आहे का म्हणून विचारलं.

वाघर म्हणजे संध्याकाळी मेंढरांभोवती लावायची जाळी. त्या नावाचं एक आठ पानी मासिक कळंबहून निघत असे. बिरदेव नावाचे गृहस्थ ते काढायचे. घरातली मेंढरं विकून ऊस लावलेल्या पिढीतले होते. नव्वद साली ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या एका मित्रानं सगळे अंक पोत्यात भरून आमच्याकडे आणून टाकले, आणि त्यांचं कार्ड, म्हणजे नोंदपत्र, मी केलं.

बाई बिरदेवांची बायको होती. नाव बानूबाई. तिचं काम असं होतं की, कळंबच्या शाळेच्या भिंतीवर पंधरा ऑगस्टच्या आधी गावातली एक ओवी रंगवायची ठरली होती. ओवी बानूबाईची. पण तिची जाऊ ठमाबाई म्हणत होती की ती तिची आहे, आणि मास्तरीणबाईंनी ठमाबाईचं नाव लिहूनही घेतलं होतं. बानूबाईनं सांगितलं, माझी ओवी ‘वाघर’मध्ये छापून आली आहे. कितव्या अंकात, तेही सांगितलं. मास्तरीणबाई चौकशीला इंदापूरला आल्या. वाचनालयातल्या माणसानं त्यांना कार्ड दाखवलं, आणि त्या कार्डानं बानूबाईला गावात खोटं पाडलं.

तो माणूस मी होतो. त्यांना कार्ड दाखवताना मला थोडा अभिमानही वाटला होता.

“तुमच्या कागदात वीसच अंक हायत म्हणं,” बानूबाई म्हणाली. “मंग माजी ओवी तीन इसा पाचव्यात कशी आली?”

इसा म्हणजे वीस. तीन इसा पाच म्हणजे पासष्ट. मी कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. संपादकाचं नाव आलं तसा तिनं पदर तोंडाशी नेला. पुढं मी लिहिलं होतं: ‘एकूण अंक २०. वर्ष व महिना छापलेला नाही. मुखपृष्ठावरील नक्षीत ठिपके कमी-अधिक. छपाईतील दोष असावा. अंक २० नंतर प्रकाशन बंद.’

मी म्हणालो, कार्डावर वीसच आहेत.

“कार्डानं कदी मेंढरं राखल्यात का, तात्या?”

मी आत जाऊन ते वीस अंक आणले. ती खुर्चीवर बसली नाही. फरशीवर बसून तिनं अंक पसरले. वाचता येत नव्हतं तिला. सगळ्या अंकांवर एकच चित्र होतं, जाळीचं. खाली आकडा, आणि आकड्याच्या वर कुठं एक काळा ठिपका, कुठं दोन, कुठं तीन, कुठं एकही नाही. मी ते जाळीच्या गाठी समजलो होतो. तिनं त्यांच्यावर बोट ठेवलं.

“ह्यो दोष न्हाय. ह्ये खडं हायत.”

मग तिनं सांगितलं ते असं. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घालायची तेव्हा एकानं तोंडाशी उभं राहायचं आणि मोजायचं. वीस झाली की एक खडा ओटीत टाकायचा, आणि पुन्हा एकपासून. विसाच्या पुढचा आकडा कोणी तोंडानं घेतच नाही. पुढचं खडे मोजतात. तिचा नवरा शाळेत शंभरपर्यंत अंक शिकला होता, पण स्वतःचं मासिक त्यानं आपल्या रीतीनं मोजलं. एक ते वीस, मग एक खडा आणि परत एक.

मी तिच्यासमोर फरशीवरच बसलो. ठिपके उगाच कमी-अधिक झालेले नव्हतेच. मी ते पाहिले होते, टिपेतही घेतले होते. वाचले तेवढे नव्हते. पोत्यातून अंक निघाले तेव्हा एक नंबरचे चार, दोन नंबरचे चार, दहा नंबरचे तीन, असे निघाले होते. मी प्रत्येकातला स्वच्छ तो ठेवला आणि बाकीच्यांवर ‘दुबार’ लिहिलं. आत उघडून पाहिलं नाही. पुण्यात ज्यांनी आम्हाला हे काम शिकवलं ते सांगायचे, टिपेत आपण बोलायचं नसतं, अंकाला बोलू द्यायचं. मी तीस वर्षं हे वाक्य पाठ म्हटलं होतं.

बाकीचे कुठं आहेत, तिनं विचारलं. मला सांगावंच लागलं. दुबार प्रती आम्ही बारामतीच्या एका वाचनालयाला देत असू, आणि त्यांच्याकडच्या घेत असू. शेहेचाळीस अंक मी सुतळीनं बांधून चार वर्षांपूर्वी तिकडे पाठवले होते.

“म्हंजी मेंढरं दुसऱ्याच्या वाघरीत घातली,” ती म्हणाली, आणि वहाणा घालायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही बारामतीला निघालो. वीस अंक माझ्या पिशवीत होते. बाईमाणसाशेजारी बसून काय बोलावं ते मला कळेना, म्हणून मी वाटेतल्या गावांच्या पाट्या वाचत होतो. दुबार प्रती चार वर्षं कोण ठेवतं? रद्दीवाला वर्षातून एकदा येतोच. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती बानूबाईनंच काढली.

ओवी आली आहे, एवढं नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. कितव्या अंकात तेही सांगितलं. पण खाली नाव कोणाचं, ते तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. तो अंक घरी आला त्याच संध्याकाळी पाळलेल्या कोकरानं खाल्ला. ठमाबाई आता गावभर म्हणत होती, छापली असली तर बिरदेवानं स्वतःच्या नावानं छापली असेल, नाहीतर बिननावाची. बायकोचं नाव कोण छापतं? बानूबाईलाही तसंच वाटत असावं. ती म्हणाली, तसं निघालं तर ठमाबाईचं नाव भिंतीवर राहू दे, मी काही बोलणार नाही. फक्त छापली व्हती एवढं समद्यांनी म्हणावं.

बारामतीच्या वाचनालयात दिपाली नावाची ग्रंथपाल होती. आमची पाच-सहा वर्षं पत्रं चालत, पण तोंडओळख नव्हती. तिनं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. दुबार प्रतींची रद्दी मार्चमध्येच गेली होती. तिनं दप्तर काढून दाखवलं. मी बानूबाईकडे पाहू शकलो नाही. दौतीकडे पाहावं म्हटलं तर तिथं दौतही नव्हती, बॉलपेन होतं.

बानूबाई मात्र खोलीभर बघत होती. कोपऱ्यात मासिकांची एक लोखंडी मांडणी होती. तिचा एक पाय आखूड, आणि त्याखाली काहीतरी सारलेलं. “त्ये काय?” तिनं विचारलं.

दिपाली लाजून म्हणाली, मांडणी डुगडुगत होती, तेव्हा हाताला लागलं ते गड्यानं खाली घातलं असेल.

आम्ही तिघांनी मिळून मांडणी उचलली. सुतळी तीच होती. वरच्या कागदावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वाघर. दुबार.’ त्या शब्दावर मांडणीच्या पायाचा चौकोनी खळगा पडला होता.

वाचनकक्षातलं लांब टेबल मोकळं केलं. पहिल्या ओळीत बिनठिपक्याचे अंक मांडले. दुसऱ्या ओळीत एका ठिपक्याचे, मग दोन, मग तीन. दिपाली आकडे वाचत होती, बानूबाई ठिपके बघून अंक त्या त्या ओळीला देत होती. हात तिचेच वेगानं चालत होते. अर्ध्या तासानं आम्ही मागं सरकलो.

ते दृश्य मी कसं सांगू मला माहीत नाही. मी हजारो अंक हाताळले आहेत. मोठमोठ्या नियतकालिकांचे, ज्यांच्याकडे कारकून होते, तार होती, तरी ज्यांचे आकडे चुकले. आणि इथं एका माणसानं साडेपाच वर्षं, उसाला पाणी देता देता, एकही आकडा न चुकवता ही रांग चालवली होती. विसाला एक खडा. टेबलावर जणू धनगरांच्या मुक्कामाचा एक अख्खा वाडा, मेंढरांसकट बसला होता. याला मी छपाईतला दोष म्हटलं होतं.

दोन ठिपक्यांच्या ओळीत आठच्या पुढं दहा होता. नऊ नव्हता. एवढी एकच फट.

तीन ठिपके पाच, तो होता. दिपालीनं उघडला आणि माझ्याकडे दिला. चौथ्या पानावर चौकटीत ओवी होती. मी वाचली, मोठ्यानं, म्हणजे माझ्या मानानं मोठ्यानं:

मोजीते मेंढरं, इसाला एक खडा,
ओटीत माज्या बाई, मावंना सारा वाडा.
एक खडा कमी, म्हून गेले माघारी,
कोकराची आय उभी पांदीच्या शेजारी.

बानूबाई ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर म्हणत होती. संपल्यावर ती थांबली. खालची ओळ मी वाचायची होती, आणि मला धीर होत नव्हता. दिपालीनं मान वाकवून पाहिलं. ती माझी वाट बघत होती.

“ओवी, बानूबाईची,” मी वाचलं. “ऐकून लिहून घेतली. संपादक.”

बानूबाईनं कुठं लिहिलंय ते विचारलं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. परक्या बाईचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरला असेन.

“चाळीस वर्सांत नावानं हाक न्हाय मारली,” बोट तिथंच ठेवून ती म्हणाली. “आगं म्हनायचं, न्हायतर ऐकलं का. मला वाटलं नाव ठावं तरी हाय का न्हाय ह्यांना.”

दिपालीनं त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि वाचनालयाचा शिक्का मारला. एक शाळेला. दुसरी कोणाला, असं मी विचारलं तेव्हा बानूबाई म्हणाली, ठमाबाईला. तिला वाचाया येतं.

निघताना मी त्या नवव्या अंकाची गोष्ट काढली. हा निघालाच नसेल का? माझ्या तोंडून ते सवयीनंच निघालं. बानूबाई म्हणाली, निघाला व्हता. सांगवीच्या जत्रेत म्या सवता वाटलाय. दुसऱ्याच्या वाघरीत असंल.

निघालाच नाही आणि आमच्याकडे नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आमच्या कामातलं पहिलं अक्षर. ते मला मेंढरं राखलेल्या बाईकडून परत गिरवावं लागलं.

इंदापूरला येऊन मी जुनं कार्ड काढलं आणि नवं लिहायला घेतलं. तीन कार्डं खराब झाली. चौथं असं झालं: ‘एकूण अंक ६७. अंकांची मोजणी विसांत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वीस. क्रम अखंड. दोन ठिपके ९ (म्हणजे ४९) निघाला होता, या संग्रहात नाही. टिपेचा आधार: बानूबाई, कळंब.’ आधार लिहिण्याचा नियम आहे. बहुधा तिथं अंकाचा आकडा येतो. माणसाचं नाव मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, आणि ते नियमात बसतं का, याची मला अजून खात्री नाही.

शाळेची भिंत रंगल्याचं मला नंतर कळलं. नाव बानूबाईचं आहे. रंगाऱ्यानं ओवीच्या वर तीन ठिपके काढले आणि पाचाचा आकडा काढला. बघणाऱ्यांना ते काय आहे ते कळत नाही म्हणे, आणि ती कोणाला सांगत नाही.

त्या आठवड्यात मी कार्डांचा खण पुन्हा अ पासून चाळायला घेतला. ज्या ज्या कार्डावर मी ‘अनियमित’ लिहिलं आहे, किंवा ‘दोष असावा’, ती बाजूला काढत गेलो. एक इसा एकोणीस निघाली. प्रत्येक कार्डावर एक गाव होतं, आणि तिथं कोणीतरी असणार ज्याला मी विचारलंच नव्हतं. सगळ्यात वरच्या कार्डावर डाळज होतं. मी एसटीची वेळ पाहून ठेवली.