पाण्यानं पेटणारं थडगं

"हाण! आजून हाण!" गर्दी ओरडत होती आणि जाळबाबाचा चाबूक रत्नाच्या पाठीवर फुटत होता. टेकडीवर दगडांचं एक प्राचीन थडगं, खाली उन्हात अख्खं जुन्नर. थडगं कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही. येणाराजाणारा त्यावर दगड ठेवतो, पण उचलत कुणी नाही. उचलला की वंश बुडतो, म्हणे!

"ह्यातलं मढं बाईच्या अंगात शिरलंय!" बाबा गरजला. "खोटं वाटतंय? पाण्यानं पेटवून दावतो!"

त्यानं कमंडलूतलं पाणी दगडांवर ओतलं, पेटता कापूर ओवाळला. भप्पकन जाळ उठला. धडाधड हात जोडले गेले.

"आता हिचा हात जाळात धरायचा. मढं पळतंय का न्हाई बगा!"

तेवढ्यात रत्नाची नणंद तेजस्विनी धापा टाकत वर पोचली. ती जुन्नरात विज्ञान शिकवायची. वहिनीला फेफरं येतं, डॉक्टरकडे न्या, हे तिनं घरी कितीदा सांगितलं होतं. आणि इथं तिचा सख्खा भाऊ पप्पू बायकोचे हात पिरगाळून उभा! रत्नाच्या तोंडातून रक्त गळत होतं. तेजस्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, सोड तिला!"

"मधी पडू नको, तेजू. बरी व्हायला लागलीय ती."

"बरी? मरायला लागलीय!"

ती चाबकाच्या आड गेली. फटक्यानं तिचा खांदा सोलवटला, ती थडग्यावर कोसळली आणि नाकात उग्र वास शिरला. चोरून आंबे पिकवणाऱ्यांच्या खोलीत येतो तसला. तिनं जाळाशेजारचा दगड धरला.

"उचलू नको, पोरी! वंश बुडंल!" तिची आई साळुबाई किंचाळली.

तेजस्विनीनं दगड भिरकावला. खाली पत्र्याच्या डब्यात करडे खडे फसफसत होते, शेजारी कोरड्या खड्यांची पुडी. बाबानं पुन्हा चाबूक उगारला, पण गर्दीतल्या म्हाताऱ्या सोपाननं त्याचं मनगट पकडलं. "थांबा राव, बगू तरी द्या."

थडग्यापासून लांब, मोकळ्या मातीत तिनं पुडी रिकामी केली आणि आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं.

"दादा, कापूर तूच लाव."

पप्पूनं रत्नाला सोडलं. पेटता कापूर मातीवर टाकला. भप्पकन जाळ उठला.

"इथं कुणाचं मढं पुरलंय, दादा? हे कार्बाईड आहे. पाणी पडलं की त्यातून गॅस सुटतो, तोच पेटतो."

क्षणात वारं फिरलं. "ठेचा भोंदूला!" जोडलेले हात आता थडग्यावरचेच दगड उचलू लागले. एक दगड बाबाच्या कपाळावर बसला. तेजस्विनी पुढं झाली.

"टाका ते दगड! मघाशी विचार न करता तिला मारलंत, आता त्याला मारताय. पोलिसांना फोन करा, कायदा आहे. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे होतं कसं?"

दगड एकेक करून खाली पडले. पप्पू खालमानेनं बायकोजवळ गेला. "रत्ना, त्यानं फसवलं गं आपल्याला."

रत्नानं रक्त पुसलं आणि नणंदेच्या आधारानं उठली.

"चाबूक त्याचा व्हता," ती म्हणाली. "पर माजं हात तुमी धरलं व्हतं."