रौप्यमहोत्सवी दांपत्य

पत्र चर्चमधून आलं होतं. ‘अँथनी आणि सालोमी, विवाहाला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. रविवारच्या मिस्साला दोघांनी पुढच्या बाकावर बसावं, लग्नाची वचनं पुन्हा द्यायची आहेत.’ वाचून माझं डोकंच फिरलं. यातली शेवटची आठ वर्षं मी माझ्या आयच्या घरी राहते आणि तो वालीवला. कोर्टाचा आदेश माझ्या कपाटात आहे, कायदेशीर विभक्ततेचा. लग्न कायम, पण एकत्र राहायची सक्ती नाही.

पत्र घेऊन आलेला आग्नेल धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ऑफिसात बसतो. त्याने लग्नाचं जुनं रजिस्टर उघडलं आणि त्या सालची नावं उतरवून काढली, बस. कोण कुठे राहतं, का राहतं, हे रजिस्टरात थोडंच असतं.

“आमचं नाव काढ,” मी म्हटलं.

“कसं काढू, सालोमी? घटस्फोट कुठे झालाय? तुम्ही अजून नवरा-बायकोच की. या निमित्ताने मिटवून टाका.”

मिटवून टाका म्हणे. आंब्याच्या फांदीवरून दोन शेजारी भांडले होते जसे काही. अँथनीने उकळतं कालवण माझ्या हातावर ओतलं, तेव्हा हाच आग्नेल भिंतीपलीकडे राहत होता. माझा आवाज ऐकून त्याने टीव्ही मोठा केला होता. आज बरं तोंड फुटलं.

खरं सांगते, मला घटस्फोटच हवा होता. वकीलबाईंनी अर्जही तयार केला होता. पण आयने जेवण सोडलं. “देवासमोर शब्द दिलायस, पोरी. वेगळी राहा, पण तो मोडू नको.” मी तिची एकुलती. तिचं ऐकलं आणि राग गिळला. तो अजून घशाशी आहे.

गोष्ट पत्रावर थांबली असती तर मी एवढं बोललेही नसते. गुरुवारी सकाळी अँथनी दारात हजर. अंगात नवा कोट, हातात सुटकेस.

“वालीवची खोली सोडली,” तो म्हणाला. “रविवारी लोकांपुढे हातात हात घ्यायचा आणि राहायचं दोन ठिकाणी, बरं दिसत नाही.”

“कोर्टाचा आदेश वाचलायस ना?”

“वाचला. लग्न मोडलंय असं त्यात कुठे लिहिलंय, दाखव.”

वकीलबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, हा एकदा का पुन्हा तुमच्यासोबत राहायला लागला की त्या आदेशात काही दम उरायचा नाही. आठ वर्षं मी या घरात न दचकता भांडी घासलीत. ते सगळं एका सुटकेसने जाणार होतं.

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. “आय, तुम्हीच समजवा हिला. तुमच्यामुळेच तर संसार वाचला.”

आय वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती उठली, आत गेली, आणि बाहेर आली ती चर्चला जायचं लाल लुगडं नेसून. अँथनी हसला. त्याने सुटकेस उंबऱ्याच्या आत ठेवली. म्हटलं, झालं, ही आता फादरना सांगायला निघाली की पोरगी तयार आहे.

आयने ती सुटकेस उचलली. ऐंशी वर्षांची बाई, दोन्ही हातांनी ओढत अंगणात नेऊन ठेवली. मग परत येऊन माझा हात धरला आणि भाजलेल्या कातडीवरून अंगठा फिरवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

“शब्द पाळ, शब्द पाळ म्हणून तुझ्याच मागे लागले,” ती म्हणाली. “यानं तो कधी पाळला, हे विचारायचं माझ्याकडून राहिलंच.”

अँथनी काहीतरी बोलू लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कपाटातला कागद घे आणि रिक्षा बोलव. वसईला, वकीलबाईंकडे. तो जुना अर्ज त्यांच्याकडे असेल तर बरं, नसला तर नवा करू.”

“आणि रविवारी?” मी विचारलं.

“रविवारी मिस्साला जायचं. आपल्या नेहमीच्या बाकावर.”