फळ्यावरचं बोलणं

संवादलेखन शिकवताना मी चौथीच्या पोरांना पुस्तकातलं देत नाही. सकाळी येताना कानावर पडलेलं खरं बोलणं आणायचं आणि फळ्यावर लिहायचं. येलदरीच्या धरणाकाठची पोरं. शेळ्या, जाळी, भांडणं, सगळं घेऊन येतात.

त्या दिवशी मंजुषानं लिहिलं:

एक म्हणाली, "थर्माकोलवर बसून पाण्यात जायचं का गं?"
दुसरी म्हणाली, "आईला इचारू?"
एक म्हणाली, "नको, मारतेत. खिचडी वाढायच्या टायमाला ये.

"बोलणं संपलं का नाही गं तुझं? दार लाव की!" मी म्हणाले. पोरं हसली. तिनं शेवटचं अवतरणचिन्ह दिलं.

"बाई, 'इचारू'चं 'विचारू' करू?"

"नको. बोलली तसंच राहू दे. शाब्बास!"

जेवणाच्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या गीताबाईंनी हाक मारली. "बाई, तुमची सुकी कुठाय? ताट तसंच पडलंय."

सुकेशनी माझी लेक. माझ्याच शाळेत, पहिलीत.

"बाहेर गेली असंल."

"कव्हाची बघायलेय मी. न्हाई आली."

मी वळले आणि उघड्या दारातून फळ्यावरची शेवटची ओळ दिसली: खिचडी वाढायच्या टायमाला ये. मी मंजुषाला गाठलं.

"मंजे, ती दुसरी कोण?"

"सुकी, बाई. अन् ती 'एक' म्हंजे सातवीतली रेणुका."

"मघाशी बोलली का नाहीस?"

"तुमी नाव कुठं इचारलं? तुमी चिन्हंच बघायल्या व्हत्या."

आमच्याकडं मासे धरणारे थर्माकोलच्या जाड पाटावर बसून जाळी टाकायला जातात. मोठं माणूसही जरा कललं की पाट उलटतो. सुकीला पोहता येत नाही. मलाही नाही.

पळताना चप्पल कुठं राहिली, कळलं नाही.

काठापासून बऱ्याच आत पाटावर दोघी बसलेल्या. हाक गळ्यापर्यंत आली आणि मी ती गिळली. घरी माझी हाक ऐकली की सुकी ताडकन उठते. मी चिखलात खाली बसले. तिची वेणी घालताना बोलते तशा आवाजात विचारलं,

"सुके, काय बघायलीस गं?"

"आई! मासा!" ती उठायला लागली. पाट कलला.

"बसूनच सांग, माय. केवढा हाय?"

"येवढा..."

"हात नको दाखवू. तोंडानं सांग."

रेणुका हातानं पाणी मागं सारत रडायली. "बाई, वाऱ्यानं लांब नेलं वो!"

"येऊ दे हळूहळू. मी हाय हितंच. सुके, मिशा हायत का त्याला?"

"हायत. लय लांब."

"अन् डोळे?"

ती सांगत राहिली, मी विचारत राहिले. प्रश्न संपत आले तेव्हा माशाच्या आईचं नाव विचारलं. सुकी हसली. पाट हलला. माझ्या मागं पळत आलेल्या गीताबाईंनी तोंडात पदर कोंबला होता.

पाट काठाजवळ आला तशी कमरेएवढ्या पाण्यात शिरून मी तिला उचललं आणि माझा आवाजच गेला.

"आई, अजून इचार की गं!"

रेणुका पाटाला धरून पाण्यातच उभी होती, माझा हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर.

"मारू नका, बाई."

मी मोकळा हात तिच्यापुढं धरला. तिला जवळ यायला बराच वेळ लागला. मी हात तसाच धरून ठेवला.