दोन्हीकडे छापा

"अहो, तुमच्या पिशवीचा कोपरा माझ्या बरगडीत घुसतोय," मागची बाई पुटपुटली. शिंपीणबाईंनी पिशवी पोटाशी धरली. हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे मंचावर तेलाचा उपचार सांगणाऱ्या बाबांचा तांब्याचा पैसा उडत होता आणि दर वेळी छापाच पडत होता.

"छापा! म्हणजे सुरी नको. तेल चोळा. डॉक्टर बाहेर बसलाय, निसर्ग आत बसलाय. आतल्याचं ऐका," बाबा सांगत. बाटल्या हातोहात खपत होत्या.

शिंपीणबाईंच्या धाकट्या बहिणीलाही मागच्या महिन्यात छापाच आला होता. तिच्या छातीत गाठ होती. घरात सगळे त्या गाठीला 'तो त्रास' म्हणत. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. धाकटी तेल चोळत बसली होती. आज दुसऱ्या बाटलीसाठी कौल घ्यायला दोघी आल्या होत्या.

बाईंना हल्लीच जुनी नाणी जमवायचा नाद लागला होता. लावला शेजारच्या घड्याळजीकाकांनी. दुकानाच्या फळीवर चिल्लर ओतून ते शिकवत, "पोरी, विचित्र पैसा दिसला की हुरळू नकोस. टाकसाळ क्वचित चुकते, माणूस रोज फसवतो. आधी आवाज ऐक, मग कडेच्या आतून नख फिरव." चाळिशी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारे आता तेवढेच उरले होते.

धाकटीची पाळी आली. पैसा बाबांच्या तेलकट बोटांतून निसटला आणि घरंगळत बाईंच्या चपलेशी आडवा झाला. छापा. बाईंनी उचलून सवयीने उलटला. तिथेही छापा.

"काटा कुठाय, बाबा?"

"ज्याच्या नशिबात काटा नाही, त्याला तो दिसत नाही, माई."

"मला तर चष्मा लावूनही दिसत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "हे घड्याळजी. नाण्यांतले जाणकार. विचारा यांनाच."

काका उठले तसं बाईंना हायसं वाटलं. पण काकांचं भिंग खिशातच राहिलं.

"टाकसाळीची चूक," ते म्हणाले. "लाखात एक."

 बाईंनी पिशवीतला आपला पैसा फरशीवर टाकला. खणकन वाजला. बाबांचा टाकला. थप्प. कडेच्या आतून नख फिरवलं. एका जागी अडकलं. टाके उसवायच्या हत्याराचं टोक तिथे घालून त्यांनी जोर लावला, तशी वरची चकती डबीच्या झाकणासारखी निघाली.

"एक पैसा काट्याच्या बाजूने वाटीसारखा कोरायचा, दुसऱ्याची छाप्याची बाजू पातळ तासून त्यात बसवायची," बाईंनी दोन्ही तुकडे वर धरले. "खरा कौल असता तर कधीतरी काटा पडला असता की नाही? ज्याचं उत्तर कधी बदलूच शकत नाही, त्याला विचारून काय उपयोग? आजार असा पैसा उडवून कळत नाही, तपासून कळतो."

केसाएवढा जोड बसवायचा तर धातू कातायचं बारीक यंत्र, लेथ हवं. ते गावात एकाच, घड्याळजींच्या दुकानात होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे छताच्या पंख्याकडे बघत होते.

"हा बाबा जादूच्या खेळाला हवाय म्हणाला होता," काका पुटपुटले.

"आणि आत्ताचं, लाखात एक? हिची गाठ तुम्हाला माहीत होती, काका."



धाकटीने बाटली टेबलावर ठेवली, तेलकट हात रुमालाला पुसले.

"ताई, मला कॅन्सर असूही शकतो," ती म्हणाली. "उद्या सकाळीच तपासायला जाऊ."