दुखण्याची वाट

दुखणं यावं म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसतं का? नावडे कॉलनीतली क्षिप्रा बसली होती. वेडी म्हणा हवं तर. तिच्या ऑफिसात तसं म्हणणारे होतेच.

अधूनमधून तिच्या पोटात असं काही दुखायचं की ती फरशीवर गडाबडा लोळायची. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने तपासून झालं. सगळे रिपोर्ट चांगले. "टेन्शन घेऊ नका," जो तो सांगायचा. क्षिप्राला त्या शब्दाची चीड होती. तिची आई गोजरा अशीच लोळत गेली होती, महाडकडच्या गावी, क्षिप्रा दुसरीत असताना. गाव म्हणालं, बाईला बाहेरचं लागलंय. काही म्हणाले, सोंगं करते. अजूनही आईचं नाव निघालं की माणसं नजर चुकवायची, आणि क्षिप्राच्या जिवाला डागण्या बसायच्या.

मग वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पोर्फिरिया असू शकतो. आईकडून लेकीकडे येतो हा आजार. पण तपासायला दुखत असतानाचीच लघवी हवी, आणि बाटलीला उजेड लागता कामा नये. उजेडात नेमकं हवं तेच नासतं."

आई खोटी नव्हती हे एक बाटली सांगणार होती. आणि ती भरायला दुखणं यायला हवं होतं.

आलं. क्षिप्राने कण्हत कण्हत बाटली भरली, पोळ्यांच्या चंदेरी कागदात गुंडाळली. नवरा अश्विन कामावर जाता जाता ती लॅबमध्ये देणार होता. पण सासूबाई, सरोजिनीबाई, म्हणजे काळजीचं कोठार. लेकाचा डबाही त्याच कागदात. "मेली अदलाबदल झाली म्हणजे?" म्हणत त्यांनी बाटलीचा कागद काढला, ती पारदर्शक पिशवीत घातली आणि पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली. तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत अडकत, ऊन खात बाटली वाशीला पोचली. रिपोर्ट आला, नॉर्मल.

"उजेड लागला असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परत दुखेल तेव्हा द्या."

सासूबाईंनी दोन दिवस तोंडात घास घातला नाही. क्षिप्रा त्यांना बोलली नाही, पण आतून पार खचली. आता पुन्हा वाट बघणं आलं. "ये बाई एकदाचं," ती पोटावर हात ठेवून म्हणायची. खरं तर तिला आई हवी होती. समोर बसवून सांगायचं होतं, माझा विश्वास आहे तुझ्यावर.

दिवाळीच्या तोंडावर दुखणं आलं. या खेपेला सासूबाईंनी कागदावरून आपला काळा परकर गुंडाळला आणि बाटली मांडीवर घेऊन स्वतः रिक्षाने गेल्या. रिपोर्टातला आकडा हवा त्याच्या कितीतरी पट निघाला. क्षिप्रा हसली, मग हमसून हमसून रडली.

"उपास बंद," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "उपाशी राहिलात तर जिवावर बेतेल. दुखायची चाहूल लागली की भात खा, साखर खा आणि इकडे या. पुष्कळदा वेळेवर पोटात गेलं तरी निभावतं."

घरी येऊन तिने पहिला फोन गावी वडिलांना, दत्तूला लावला. "बाबा, आईला बाहेरचं काही नव्हतं. आजार होता. माझ्या तपासणीत निघालाय."

"भगत म्हणाला, अंगातलं जाईस्तोवर अन्न द्यायचं नाय. भात मागायची गं ती. हात जोडायची." मग दत्तूने विचारलं, "तवा काय उपाय होता का?"

क्षिप्राने हातातला रिपोर्ट पालथा ठेवला.

"नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा काहीच नव्हतं."

"मग बरं," म्हणत म्हातारा पलीकडे रडायला लागला. क्षिप्रा फोन कानाला धरून बसून राहिली. तिला आई हवी होती, आता तर जास्तच.