कपाटातल्या चपला

धम्मशीलाचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि ते काही वैशाखाच्या उन्हानं नव्हे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक सुकेशनी गंगाखेडजवळच्या आईच्या गावी आलेली. पहाटे कळा सुरू झाल्या, आठ वाजता दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे, हिंडती-फिरती राहू दे म्हणाल्या आणि बैठकीला निघून गेल्या. त्यांची जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच कुसुम सिस्टरनी सुकेशनीच्या चपला उचलून कपाटात घातल्या, कुलूप लावलं. मागं एक बाई फिरता फिरता फाटकापाशीच बाळंत झाली होती, तेव्हापासूनचा हा कायदा. वॉर्डात चार खाटा, पाय टाकायला जागा नाही. ओट्यावरची फरशी तव्यासारखी तापलेली. चपला गेल्या की बाई आपोआप आडवी.

दोन वाजले. पडून राहिलं की कंबर मोडते, उभं राहिलं की बरं वाटतं, हे सुकेशनी दहादा सांगून चुकली. सिस्टर म्हणाल्या, पहिलटकरणी असंच करतात. संध्याकाळपर्यंत पुढं सरकलं नाही तर परभणीला पाठवू, तिथं पोट फाडून मोकळी करतील.

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण राग एकट्या सिस्टरचा असता तर बरं झालं असतं. ती स्वतः नऊ वर्षं गावाची आशाताई. पहिलटकरणीला चालू द्यावं, हे प्रशिक्षणात तिनंच वहीत उतरवून घेतलेलं. तरी गावातली प्रत्येक पोर इथं आणताना तिनं आपल्या हातानं चपला सिस्टरकडे दिल्या, वर गप पडून राहा असा दमही भरला. सिस्टरशी वाकडं नको म्हणून. गेल्या पौषात गावातली मनकर्णा तेरा तास अशीच पडून होती, शेवटी तिला परभणीला नेलं. त्या रात्री धम्मशीलाला घरी जाऊन झोप लागली होती. आता स्वतःची शिसारी आली.

"सिस्टर, किल्ली द्या."

"चपला तर तुमीच आणून देत व्हता की, ताई."

"देत व्हते. लय चुकलं माझं."

किल्ली काही मिळाली नाही. धम्मशीलानं आपल्या चपला काढून लेकीच्या पायात घातल्या, तिचा हात खांद्यावर घेतला आणि ओट्यावर निघाली. तळवे भाजत होते. कळ आली की सुकेशनी आईच्या गळ्यात भार टाकून थांबे, ओसरली की पुन्हा चालू लागे. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा रंग आला.

वॉर्डाच्या खिडकीतून बाळंतपणाला आलेल्या गावातल्या शिवकन्येनं हाक मारली. तिलाही सकाळी धम्मशीलानंच आणलं होतं.

"ताई, आन् माझ्या चपला?"

धम्मशीलानं लेकीला खांबाला टेकवलं, आत गेली आणि कपाटाचं कुलूप फोडायला दाराला लावलेला दगड उचलला. सिस्टरनी तिच्या तोंडाकडे पाहिलं अन् किल्ली टेबलावर ठेवली.

कपाटात सुकेशनीच्या अन् शिवकन्येच्या चपला वरच होत्या. त्यांच्याखाली हिरव्या पट्ट्याचा एक जोड धूळ खात पडला होता. तो मनकर्णाचा होता. पौषात धम्मशीलानंच तो सिस्टरच्या हातात दिला होता.